भिंतीवरचे टाचांचे डाग

जळगावला ताईच्या बेडरूममध्ये खिडकीखालच्या भिंतीवर दोन मळकट डाग होते. जमिनीपासून साधारण तीन फुटांवर, शेजारी शेजारी, वाटीच्या बुडाएवढे. 2023 च्या दिवाळीआधी त्यांनी रंगकाम काढलं तेव्हा पेंटरने विचारलं, "ताई, इथं कपाट टेकवलेलं होतं का?" ताई म्हणाली, "हो."

कपाट वगैरे काही नव्हतं. ते तिच्या टाचांचे डाग होते. शाळेतून घरी आली की ती बेडरूमचं दार लोटून घ्यायची, फरशीवर उताणी पडायची आणि दोन्ही पाय भिंतीवर सरळ वर टेकवायची. कधी वीस मिनिटं, कधी पाऊण तास. मग उठून कणीक मळायला घ्यायची. सहा वर्षं हे चाललं होतं. मी पुण्याहून सुट्टीत जायचे तेव्हा तिला तसं पडलेलं बघायचे आणि एकदा तर कौतुकाने म्हणालेही होते, "अरे वा, विपरीत करणी? मी पण करते." ती हसली होती. त्या हसण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. जळगावला एका खासगी शाळेत शिकवते. दिवसाला सहा तास, बहुतेक सगळे उभ्याने, कारण वर्गात खुर्चीवर बसून शिकवलेलं तिच्या शाळेत चालत नाही. दुसरं बाळ 2017 साली झालं आणि त्यानंतर काही महिन्यांत हे दुखणं सुरू झालं. ओटीपोटात, डावीकडे जास्त. कळ येत नाही, मुरडा येत नाही. "आत कुणीतरी ओला टॉवेल टांगून ठेवलाय असं वाटतं," असं ती सांगायची. सकाळी उठल्यावर जवळजवळ नसायचं. मधल्या सुट्टीपर्यंत जाणवायला लागायचं, शेवटच्या तासाला टेबलाचा आधार घ्यावा लागायचा. पाळीच्या आधीचा आठवडा सगळ्यात वाईट.

सहा वर्षांत तिने बरेच डॉक्टर केले. एकाने गॅस म्हटलं. एकाने लघवीचं इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक दिलं. एकाने कमरेचा एक्स-रे काढून पट्टा दिला. सोनोग्राफी चार वेळा झाली, चारही वेळा 'नॉर्मल स्टडी'. एका डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली आणि आवाज मऊ करून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांचा हेतू चांगलाच असेल. पण त्या दिवसानंतर ताईने दुखण्याबद्दल घरात बोलणं बंद केलं. दाजींनी विचारलं की म्हणायची, "थकले जरा."

आणि मी? मी तिला एका योगा ॲपचं सबस्क्रिप्शन गिफ्ट दिलं.

*

2023 च्या भाऊबीजेला आम्ही दोघी जळगावहून धुळ्याला मम्मी-पप्पांकडे निघालो. दाजी मुलांना घेऊन मागून येणार होते. एसटीला अशी गर्दी की पाय ठेवायला जागा नाही. पाळधी, एरंडोल, पारोळा, धुळे, नव्वद-एक किलोमीटरचा रस्ता. एरंडोलपर्यंत आम्ही उभ्याच होतो. मी कानात हेडफोन घालून. मध्येच बघितलं तर ताईच्या वरच्या ओठावर घाम आणि तिने वरचा दांडा दोन्ही हातांनी धरलेला, जणू त्याला लटकून पायांवरचं वजन कमी करत होती. मी एका काकूंना विनंती करून तिला बसवलं. पारोळ्याला तिच्या शेजारची जागा रिकामी झाली, मी बसले, आणि तिने खिडकीबाहेर बघत, एसटीच्या खडखडाटात मला एकटीलाच ऐकू येईल अशा आवाजात सांगायला सुरुवात केली.

तिने सांगितलं की नवऱ्याजवळ गेल्यावर दुसरा अख्खा दिवस ते दुखणं राहतं. इतकं की ती आता टाळते, आणि टाळण्याची कारणं तिच्याकडे संपत आलीत. मांडीच्या आतल्या बाजूला आणि त्याहून वर, जिथे कुणाला दाखवता येत नाही अशा जागी, निळ्या शिरा फुगल्यात. हे तिने कुठल्याही डॉक्टरला सांगितलं नव्हतं. "का?" मी विचारलं. "कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "आणि केबिनमध्ये दाजी बसलेले असतात, कंपाउंडर आत-बाहेर करत असतो."

पुढे महिनाभर वाचत बसले तेव्हा कळलं, की तिने एसटीत सांगितलेल्या त्या तीन गोष्टींत जवळजवळ अख्खं निदान होतं. उभं राहिल्यावर वाढणारं, पाय वर केल्यावर उतरणारं दुखणं. संबंधांनंतर रेंगाळणारं दुखणं. आणि नको त्या जागी फुगलेल्या शिरा. पण हे ऐकायला कुणीतरी विचारायला हवं होतं.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेला अभ्यास 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. 650 स्त्रिया तपासल्या, त्यातल्या 92 टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के होत्या. आम्ही गडचिरोलीच्या खेड्यातल्या नव्हे. ताई बीएड आहे, मी इंजिनिअर. आमच्याकडे चार सोनोग्राफ्यांची फाईल होती. तरी न सांगितलेल्या गोष्टींची यादी तेवढीच लांब होती.

*

भाऊबीज झाली आणि ताईने धुळ्यातच बातमी फोडली. जळगावच्या शेवटच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "दोन मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाकू. कटकट संपेल." डिसेंबरच्या सुट्टीत ऑपरेशन करायचं ठरत होतं. ताई चौतीस वर्षांची होती.

पप्पा काहीच बोलले नाहीत, अशा विषयात ते उठून ओट्यावर जातात. मला वाटलं मम्मी म्हणेल, करून टाक. कारण मम्मीची पिशवी 2008 सालीच काढली होती. ती तेव्हा सदतीस वर्षांची होती, मी बारा. मला आठवतं ते एवढंच, की महिनाभर आजी आमच्याकडे राहायला आली होती आणि मम्मीला वजन उचलू द्यायचं नाही असं आम्हाला बजावलं होतं. आमच्या गल्लीत, नात्यात, चाळिशीच्या आसपास पिशवी काढणं म्हणजे डोळ्याचा चष्मा लागण्यासारखं होतं. होतंच.

पण मम्मी भाकरी थापता थापता थांबली. "मन्ही काढी. दुखनं ऱ्हायनंच," ती म्हणाली. माझी काढली, दुखणं राहिलंच.

आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो. पंधरा वर्षांत हे वाक्य तिने पहिल्यांदा उच्चारलं होतं.

हा आकडा फक्त आमच्या गल्लीचा नाही. 2019 साली बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. त्या पाहणीत 82,309 बायकांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे दर सहा जणींमागे एक. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचं प्रमाण 15 ते 49 वयोगटात साधारण 3 टक्के होतं. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय काढण्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला. गर्भाशय काढणं हे पुष्कळदा गरजेचं असतं, जीव वाचवणारं असतं. पण ओटीपोट दुखतं आणि कारण सापडत नाही, एवढ्यावर ते काढायचं, हे म्हणजे सर्व्हर का बंद पडतोय ते न बघता अख्खी रॅक उचलून भंगारात देण्यासारखं आहे. आमच्या कंपनीत असं कुणी केलं तर त्याच्याकडून लेखी खुलासा मागवतील. मम्मीला कुणी खुलासा दिला नव्हता.

*

मी डॉक्टर नाही. मला जे जमतं ते मी केलं: एक एक्सेल शीट बनवली. पाच रकाने. वेळ, दुखणं दहापैकी किती, किती तास उभी होतीस, पाळीचा कितवा दिवस, आणि शेवटचा, ज्याला आम्ही नुसतं 'इतर' असं नाव दिलं. ताईने सहा आठवडे फोनवर ती इमानेइतबारे भरली. डिसेंबरचं ऑपरेशन तिने "मुलांच्या परीक्षा आहेत" म्हणून पुढे ढकललं.

शीटचा आलेख काढला तेव्हा मला माझ्या योगा ॲपची लाज वाटली. सोमवार ते शनिवार दुखण्याची रेघ सकाळी एक-दोनवर, दुपारी चारला सात-आठवर. रविवारी दिवसभर तीनच्या वर नाही. 'इतर'च्या प्रत्येक नोंदीनंतर दुसऱ्या दिवशी आठ. मनाचं दुखणं शाळेचं वेळापत्रक इतकं काटेकोर पाळत नसतं.

ती शीट घेऊन आम्ही एका रेडिऑलॉजिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी ती पूर्ण वाचली. मग दाजींना बाहेर बसायला सांगितलं, आणि आत्तापर्यंत चार ठिकाणी न घडलेली गोष्ट केली. ताईला झोपवून तपासलं, आणि मग म्हणाल्या, "आता उभ्या राहा. जोर लावा, बाथरूमला लावतो तसा." प्रोब पोटावर होता, डॉपलर चालू होता. स्क्रीनवर डावीकडे काळ्या वेटोळ्यांमध्ये रंग भरला. जोर लावला की रंग उलटा व्हायचा.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "रक्त वर जायला हवं, ते खाली येतंय."

अंडाशयाची डावी शीर त्यांनी मोजली, ती नऊ मिलिमीटर भरली. सहा ते आठच्या पुढे गेली की शंका घ्यायची असते. आडवं झालं की या शिरा रिकाम्या होऊन बसतात, त्यामुळे झोपवून केलेल्या सोनोग्राफीत त्या निसटू शकतात. चार वेळा 'नॉर्मल' आलेले रिपोर्ट खोटे नव्हते. ताई त्या चारही वेळा झोपलेली होती.

*

हे नेमकं काय आहे ते मला सगळ्यात चांगलं पप्पांनी समजावलं, म्हणजे मी त्यांना समजावत होते तेव्हा.

पायांकडून आणि ओटीपोटाकडून हृदयाकडे जाणारं रक्त चढण चढत असतं. ते मागे घसरू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात, एकाच दिशेने उघडणाऱ्या. गरोदरपणात गर्भाशयाकडचं रक्त कितीतरी पटींनी वाढतं, या शिरा ताणून रुंद होतात. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींच्या शिरा पुन्हा आवळतात. काहींच्या आवळत नाहीत, आणि मग झडपांची दोन पाकळ्यांची टोकं एकमेकांना पोचत नाहीत. रक्त खाली साचतं. डावीकडे त्रास जास्त, कारण उजवी शीर तिरकी जाऊन थेट मोठ्या महाशिरेला मिळते, आणि डावी मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन धडकते.

पप्पा एवढा वेळ ओट्यावर बसून, आमच्याकडे पाठ करून ऐकत होते. ते वळले. "म्हणजे फूट व्हॉल्व्ह लीक झाला," ते म्हणाले.

ज्यांच्या शेतात विहिरीवर जुनी मोटर होती त्यांना हे लगेच कळेल. पाइपाच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह असतो. तो धरला नाही की मोटर बंद केल्यावर पाइपातलं सगळं पाणी विहिरीत परत येतं. मग दुसऱ्या दिवशी मोटर नुसती फिरते. पप्पा पुढे म्हणाले, "त्याच्यासाठी कोणी विहीर बुजवत नाही."

माझ्या आठवणीत पप्पा आपल्या मुलीच्या ओटीपोटाबद्दल पहिल्यांदा बोलत होते. व्हॉल्व्हचा विषय निघाला म्हणून बोलू शकले. मला त्याचंही काही वाटलं नाही, बोलले हे पुष्कळ झालं.

आणि मग मला आमचा मावसभाऊ आठवला. पहाटे धुळ्याच्या कुठल्याही रस्त्यावर पोरं पळताना दिसतात, सैन्यभरती नाहीतर पोलीस भरती. हा त्यातलाच एक. एकविसाव्या वर्षी ग्राउंड काढलं, पेपर काढला आणि मेडिकलला अडकला: व्हेरिकोसील, डावीकडे. महिन्याभरात ऑपरेशन झालं. नात्यात सगळ्यांना माहीत होतं, मावशीने चारचौघांत सांगितलं, कोणी लाजलं नाही, कोणी त्याला "घरी सगळं ठीक आहे ना" असं विचारलं नाही. व्हेरिकोसील म्हणजे काय, तर तीच शीर. पुरुषात ती वृषणाकडून येते, बाईत अंडाशयाकडून. डावी तशीच मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. तशीच झडप निकामी होते, तशीच रक्ताची वेटोळी साचतात. फरक एवढाच की पुरुषाच्या शिरा हाताला लागतात आणि भरतीच्या डॉक्टरला त्या तपासणं बंधनकारक असतं. ताईची कुठेच भरती नव्हती.

या दुखण्याचं वैद्यकातलं नाव बरीच वर्षं 'पेल्विक कन्जेशन सिंड्रोम' असं होतं. आता तज्ज्ञ 'पेल्विक व्हीनस डिसऑर्डर' म्हणायला सांगतात. 1949 साली अमेरिकेतल्या हॉवर्ड टेलर या स्त्रीरोगतज्ज्ञाने यावर सविस्तर लिहिलं. रक्त साचतं हे त्यांनी बरोबर ओळखलं, पण त्याचा संबंध बाईच्या मानसिक ताणाशीही जोडला. 1984 साली लंडनच्या रिचर्ड बिअर्ड आणि सहकाऱ्यांनी, दुर्बिणीतून बघूनही ज्यांच्या पोटात काही सापडलं नव्हतं अशा बायकांच्या शिरांमध्ये औषध सोडून एक्स-रे काढले आणि फुगलेल्या, मंद वाहणाऱ्या शिरा दाखवून दिल्या. पुढे 1993 साली ही शीर आतून बंद करून केलेला पहिला उपचार छापून आला. मम्मीचं ऑपरेशन त्यानंतर पंधरा वर्षांनी झालं.

*

उपचारासाठी आम्ही मुंबईला गेलो. जानेवारी 2024. हे काम बहुतेक वेळा इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट करतात. नाव अवघड आहे, काम ऐकायला सोपं. पोट न उघडता, शिरेतून बारीक नळी सरकवत हव्या त्या जागी पोचायचं. या शाखेची सुरुवात 1964 साली अमेरिकेत पोर्टलंडला झाली असं मानतात. चार्ल्स डॉटर यांनी पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या एका 82 वर्षांच्या आजींच्या मांडीतली अरुंद झालेली धमनी नळीने रुंद केली आणि पाय वाचवला. त्या आजी नाही म्हणाल्या म्हणून ही शाखा पुढे सरकली, असं मला वाचताना वाटलं. भाकरी थापणारी मम्मी आठवली.

मुंबईच्या डॉक्टरांनी आधी सीटी व्हिनोग्राफी केली. दुसरीकडे कुठे शीर दाबली जात नाही ना हे बघितलं, कारण काहींच्यात मूत्रपिंडाची शीरच दोन धमन्यांच्या चिमट्यात सापडलेली असते आणि मग उपचार बदलतो. त्यांनी एन्डोमेट्रिओसिस, ॲडिनोमायोसिस, मूत्राशय, आतडी, कमरेचे स्नायू अशी बाकीच्या कारणांची यादीही वाचली आणि त्यातलं काय तपासून झालंय ते विचारलं. ओटीपोट दुखणाऱ्या प्रत्येक बाईच्या शिरा फुगलेल्या नसतात. आणि फुगलेल्या शिरा असणाऱ्या प्रत्येकीचं दुखतंच असंही नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मग धोके. कॉइल जागेवरून सरकू शकते. रंगाच्या औषधाची ॲलर्जी होऊ शकते. एक्स-रेचे किरण लागतात. काही दिवस दुखणं उलट वाढतं. काही जणींना फरक पडत नाही, काहींना पुन्हा त्रास होतो. "बहुतेक पेशंटना आराम पडतो, पण मोठे, पक्के अभ्यास अजून कमी आहेत," ते म्हणाले. मला त्यांचा विश्वास वाटला तो याच वाक्यामुळे. खर्च लाखाच्या पुढे होता. कॉइल महाग असतात. दाजींनी एफडी मोडली, मी थोडे घातले. हे लिहिताना मला ठाऊक आहे, की धुळ्यात त्याच गल्लीत राहणाऱ्या किती जणींना हे जमणार नाही.

उपचार दीड तासाचा. मानेच्या उजव्या बाजूला भूल देऊन एक बारीक छिद्र. ताई जागी होती. नळी मानेतून महाशिरेत, तिथून मूत्रपिंडाच्या डाव्या शिरेत, तिथून वळून खाली अंडाशयाच्या शिरेत. खालच्या वेटोळ्यांमध्ये शिरा आकसवणारं औषध फेसासारखं करून सोडलं, आणि वरच्या सरळ भागात स्प्रिंगसारख्या गुंडाळणाऱ्या धातूच्या कॉइल. त्याभोवती रक्त गोठतं आणि तो रस्ता कायमचा बंद होतो. रक्त दुसऱ्या, चांगल्या शिरांनी वर जातं. गर्भाशय जागेवर, अंडाशय जागेवर. एक टाकाही नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही संध्याकाळची गाडी धरली आणि ती खालच्या बर्थवर जळगावपर्यंत झोपून आली.

पहिले पाच दिवस वाईट गेले. दुखणं वाढलं, थोडा ताप आला. सहाव्या दिवशी तिने मला रात्री अकराला फोन केला आणि रडली. "पिशवीच काढायला हवी होती का गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला शीट भरत राहा म्हणाले. त्या वेळी मला ते फार कोरडं वाटलं, पण माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

मार्चमध्ये रेघ चारच्या खाली आली. एप्रिलमध्ये दोन-तीनवर स्थिरावली. पाळीच्या आधी अजून पाच होते. 'इतर'चा रकाना तिने एक दिवस शीटमधून काढून टाकला. मी विचारलं नाही.

*

2024 ची आखाजी मेच्या दहा तारखेला होती. खान्देशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. झोके बांधले होते. मम्मीने खापरावर मांडे करायला घेतले, ताई तिच्या शेजारी उभी राहून हातावर मांडा मोठा करत होती. दोन तास उभी होती. मी मोजत होते, सवयीने.

दुपारी सगळे झोपल्यावर मम्मीने कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. 2008 ची तिची फाईल. "तू वाची दे," म्हणाली. तिला मराठी वाचता येतं, आतलं सगळं इंग्रजीत होतं.

पिवळे पडलेले कागद. एक सोनोग्राफी, गर्भाशयाचा आकार किंचित मोठा, बाकी काही नाही. डॉपलर नाही. डिस्चार्ज कार्ड. आणि शेवटी, काढलेल्या गर्भाशयाची प्रयोगशाळेतली तपासणी. चार ओळी. त्यांचा अर्थ असा होता की गाठ नाही, कॅन्सर नाही, दाखवण्यासारखा काही आजार नाही. सोळा वर्षं ते कागद कपाटात होते आणि त्या चार ओळी घरात कुणीच वाचल्या नव्हत्या.

मी मम्मीला विचारलं, दुखणं मग कधी थांबलं? ती विचार करत राहिली. ऑपरेशननंतर काही महिने बरं वाटलं. मग पुन्हा तसंच. शेतातून आल्यावर ती पाय उशीवर ठेवून पडायची. मला ते आठवलं. ती पडली की आम्ही तिच्या पायांच्या कमानीखालून सरपटत जायचो. मग पन्नाशीच्या आसपास आपोआप कमी झालं. अंडाशयं जागेवर होती, ती थकली तेव्हा थांबलं. शिरांचं हे दुखणं रजोनिवृत्तीनंतर बऱ्याचदा असंच उतरतं.

"मन्हंबी हाईच व्हतं का वं?" तिने विचारलं. माझंही हेच होतं का गं?

नाही म्हणणं सोपं होतं. हो म्हणणंही. पण सोळा वर्षांपूर्वीच्या शिरा आता कुणी उभं करून बघू शकत नाही. मी म्हणाले, "मम्मी, सांगता येणार नाही. असू शकेल. पण तुझं कोणी शोधलं नव्हतं, एवढं कागदावर दिसतंय."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. कागद तिने क्रमाने लावले, माझ्या हातून एक उलटा गेला होता तो सरळ केला, पिशवीला गाठ मारली. मग फोन मागितला. शिरपूरला तिची चुलत बहीण आहे, एकेचाळीस वर्षांची. तिचं पिशवीचं ऑपरेशन जूनमध्ये ठरलंय हे मला माहीत नव्हतं. मम्मीला होतं, तिने आत्तापर्यंत त्यावर काही म्हटलं नव्हतं.

फोन लागला. आखाजीच्या शुभेच्छा झाल्या, मांडे किती केले ते झालं, उन्हाचं झालं. मग मम्मी उठून आतल्या खोलीत गेली, पण दार लावायचं विसरली, आणि मला स्पष्ट ऐकू आलं: "ऐक वं, घाई नको करू. पहिले उभी राहीसन सोनोग्राफी करी ले. आणि तुले कव्हय कव्हय दुखस ते माले सांग. समदं सांग. घरमा कोनी नही शे."